दोन वाटा उघडल्या की पोचणं बंद: क्वांटम मेकॅनिक्स नेमकं सांगतं काय

२०२५ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना जाहीर झालं. बर्कलेच्या प्रयोगशाळेत १९८४-८५ मध्ये त्यांनी एका चिपवर विद्युतमंडल तयार केलं होतं. दोन अतिवाहक, म्हणजे वीज कोणत्याही विरोधाविना वाहू देणारे पदार्थ, आणि त्यांच्या मध्ये विद्युतरोधकाचा अगदी पातळ थर. मंडलातली धारा एका स्थितीत अडकलेली होती आणि तिथून सुटण्याइतकी ऊर्जा तिच्याकडे नव्हती. तरीही ती सुटत होती. अडथळा ओलांडून नव्हे, त्यातून आरपार. तेही एखादा इलेक्ट्रॉन नाही, तर अब्जावधी इलेक्ट्रॉन एकजुटीने.

अशी बातमी वाचली की सामान्य वाचकाची दोनपैकी एक गत होते. ‘हे आपल्या डोक्यावरून जाणार’ म्हणून तो पान उलटतो, नाहीतर ‘विज्ञानानंच सांगितलंय की काहीही शक्य आहे’ असं म्हणायला मोकळा होतो. दुसरी गत जास्त वाईट. क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाश यांचं असं वागणं सांगणारा सिद्धांत, ‘काहीही शक्य आहे’ असं मुळीच म्हणत नाही. उलट, काय घडेल, किती वेळा घडेल आणि काय कधीच घडणार नाही, हे ते ज्या काटेकोरपणे सांगतं तेवढा काटेकोरपणा दुसऱ्या फार थोड्या सिद्धांतांना जमला आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय बळाची गणिताने काढलेली आणि मोजलेली किंमत दशांश चिन्हापुढे दहाहून अधिक आकड्यांपर्यंत जुळते.

या सगळ्या चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी एकच नियम आहे. बेरीज, वजाबाकी आणि वर्ग एवढं येत असेल, तर तो समजतो.

आधी थोडं मागे

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूंमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं कोडं सोडवलं. जुन्या सूत्रांनुसार अशा वस्तूंनी अतिनील प्रकाशाचा अमर्याद मारा करायला हवा होता, आणि तसं अर्थातच होत नव्हतं. प्लांक यांनी मानलं की ऊर्जेची देवाणघेवाण अखंड होत नाही, ठरावीक आकाराच्या पुंजांतून होते. पुंजाचा आकार म्हणजे प्रकाशाची वारंवारता गुणिले एक अतिशय लहान स्थिरांक. १९०५ साली आइन्स्टाइन एक पाऊल पुढे गेले: प्रकाश स्वतःच पुंजांचा बनलेला आहे. या पुंजाला आज आपण फोटॉन म्हणतो.

हे आपल्याला जाणवत का नाही? कारण संख्या प्रचंड आहे. एक वॅट लाल प्रकाशात दर सेकंदाला साधारण ३ वर १८ शून्यं इतके फोटॉन असतात. त्यांतला एकेक वेगळा कळायचा कसा?

इथपर्यंत डोकं गरगरावं असं काही नाही. एखादी गोष्ट सुट्या नगांत येते, एवढंच. खरी गंमत पुढे आहे.

एक फोटॉन, दोन वाटा

एक अर्धपारदर्शक आरसा घ्या. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातला निम्मा आरपार जातो, निम्मा परावर्तित होतो. म्हणजे पुढे दोन वाटा तयार झाल्या, एक वरची आणि एक खालची. साध्या आरशांनी दोन्ही वाटा वळवून पुन्हा एका ठिकाणी आणा आणि तिथे दुसरा अर्धपारदर्शक आरसा ठेवा. त्याच्या पलीकडे दोन संवेदक, क आणि ख. फोटॉन पोचला की संवेदक ‘टिक’ करतो. आता एका वेळी एकच फोटॉन सोडायचा.

प्रथम वरची वाट अडवू. १०० फोटॉन सोडले तर सरासरी ५० अडथळ्यावर आदळून संपतात. उरलेले ५० खालच्या वाटेने दुसऱ्या आरशापर्यंत येतात आणि तिथे पुन्हा निम्मे-निम्मे होतात: २५ क कडे, २५ ख कडे. खालची वाट अडवून वरची उघडली तरी हेच आकडे.

आता दोन्ही वाटा उघड्या ठेवू. एका वाटेने ख कडे २५ येतात, दुसरीने २५ येतात, म्हणजे ५० यायला हवेत. प्रत्यक्षात, दोन्ही वाटांची लांबी नीट जुळवलेली असेल तर, ख कडे एकही येत नाही. शंभरच्या शंभर क कडे जातात.

इथे क्षणभर थांबायला हवं. एक वाट अडवलेली असताना ख पर्यंत फोटॉन पोचत होते. आपण काहीही अडवलं नाही, उलट आणखी एक वाट मोकळी केली, आणि पोचणं बंद झालं. नेहमीच्या संभाव्यतेच्या गणितात हे होऊच शकत नाही. एखादी घटना घडण्याचा आणखी एक मार्ग मिळाला तर तिची शक्यता वाढते, फार तर तेवढीच राहते. शून्य होत नाही.

एका वाटेची लांबी प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीने बदला, म्हणजे मिलिमीटरच्या काही दहा हजाराव्या भागाइतकी, की चित्र उलटतं: सगळे ख कडे, क रिकामा.

तो एक नियम

निसर्ग संभाव्यतांची बेरीज करत नाही. तो त्याआधीच्या एका राशीची बेरीज करतो आणि संभाव्यता नंतर काढतो. त्या राशीला आयाम म्हणतात. संभाव्यता कधी ऋण नसते. आयाम ऋण असू शकतो. (खरं तर आयामाला घड्याळाच्या काट्यासारखी कुठलीही दिशा असू शकते, पण अधिक-उणे एवढ्यावर आपलं काम भागेल.)

वरच्या प्रयोगात ख कडे जाणाऱ्या दोन वाटांचे आयाम आहेत +०.५ आणि −०.५. एकच वाट उघडी असेल तर संभाव्यता म्हणजे आयामाचा वर्ग: ०.२५. शंभरात पंचवीस, बरोबर. दोन्ही उघड्या असतील तर आधी बेरीज: +०.५ आणि −०.५ मिळून शून्य, आणि शून्याचा वर्ग शून्य. क कडे दोन्ही आयाम +०.५ आहेत. बेरीज १, वर्ग १, म्हणजे शंभर टक्के. संपलं गणित.

आधी बेरीज, मग वर्ग. क्रम उलटा केला की आपलं रोजचं जग मिळतं.

वर्ग करण्याचा हा नियम माक्स बॉर्न यांचा, १९२६ सालचा. मूळ मजकुरात त्यांनी संभाव्यता थेट आयामावरून काढली होती. वर्ग घ्यायला हवा ही सुधारणा मुद्रितं तपासताना तळटीप म्हणून आली. पुढे १९५४ साली नोबेल मिळालं ते मुख्यतः याच कल्पनेसाठी. भौतिकशास्त्रातली एवढी मोलाची तळटीप दुसरी क्वचितच असेल.

‘फोटॉन अर्धा-अर्धा होऊन दोन्हीकडून जात असेल’

ही पहिली शंका, आणि रास्त आहे. ती तपासायची तर दोन्ही वाटांवर एकेक संवेदक ठेवायचा. अर्धे तुकडे होत असतील तर दोन्ही एकदम अर्धवट टिकटिकतील. फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि अॅस्पे यांनी १९८६ साली खरोखरच एकेक फोटॉन सोडणारा स्रोत वापरून हे पाहिलं. दर वेळी एकच संवेदक वाजतो आणि पूर्ण वाजतो. अर्धा फोटॉन सापडत नाही.

हे प्रकाशापुरतंच आहे असंही नाही. १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. वाटेत एक अतिबारीक भारित तार होती. तिच्या डावीकडून किंवा उजवीकडून जाता येत होतं. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका उमटे. सुरुवातीला ठिपके कुठेही पडल्यासारखे दिसतात. शेकड्यांनी पडले तरी आकार कळत नाही. हजारो झाले की मात्र पट्टे उमटू लागतात, गच्च ठिपक्यांचा एक, जवळजवळ रिकामा एक, पुन्हा गच्च. यंत्रात एका वेळी क्वचितच एकाहून अधिक इलेक्ट्रॉन असे, त्यामुळे एकमेकांना धडकून हे पट्टे बनले असं म्हणायला जागा नाही. जिथे दोन वाटांचे आयाम एकमेकांना खोडतात, तिथे ठिपका पडत नाही.

म्हणून ‘इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन ठिकाणी असतो’ हे लोकप्रिय वाक्य मला फारसं आवडत नाही. दोन ठिकाणी तो कधीच सापडत नाही. दोन्ही वाटांचे आयाम हिशोबात धरावे लागतात, एवढं नक्की म्हणता येतं. या दुहेरी हिशोबाच्या स्थितीला सुपरपोझिशन म्हणतात.

‘म्हणजे आपण पाहिलं की जग बदलतं?’

कोणत्या वाटेने गेला हे पाहायला गेलं की पट्टे नाहीसे होतात, हे खरं आहे. त्यावरून मन, जाणीव, इच्छाशक्ती यांच्यापर्यंत उडी मारली जाते आणि क्वांटमच्या नावाने बरंच काही विकलं जातं. नियम नीट लावला तर या उडीची गरज नाही.

आयामांची बेरीज कधी होते? दोन वाटांचा शेवट *तंतोतंत एकच* असेल तेव्हा. वरच्या वाटेने गेल्यावर जगात कुठेही, एखाद्या भरकटलेल्या फोटॉनवर का होईना, वेगळी खूण राहिली, तर ते दोन वेगळे शेवट झाले. वेगळ्या शेवटांचे आयाम एकमेकांना खोडत नाहीत. तिथे नुसत्या संभाव्यता मिळवल्या जातात. ती खूण कोणी वाचली का, वाचणारा शुद्धीवर होता का, याने काहीही फरक पडत नाही.

व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००४ साली हे फार सुंदर दाखवलं. कार्बनच्या ७० अणूंचा एक रेणू दोन वाटांनी गेल्यासारखे पट्टे दाखवतो. त्यांनी हे रेणू लेझरने अधिकाधिक तापवले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश सोडतो, आणि त्या प्रकाशावरून तो कुठे होता हे तत्त्वतः कळू शकतं. तापमान वाढवत नेलं तसे पट्टे फिके होत पुसले गेले. तो सुटलेला प्रकाश कोणी टिपत नव्हतं.

आपल्या भोवतालच्या वस्तू क्वांटमसारख्या का वागत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. खुर्चीवर दर क्षणी अगणित हवेचे रेणू आणि फोटॉन आपटतात आणि तिच्या जागेची खूण घेऊन जातात. आयामांना एकमेकांना खोडायची संधीच उरत नाही. या खूण-सांडण्याला डीकोहिअरन्स म्हणतात. श्रोडिंगर यांची जिवंत-आणि-मेलेली मांजर, १९३५ सालची, ही काही क्वांटमची शिकवण नव्हती. हा सिद्धांत मोठ्या वस्तूंना जसाच्या तसा लावला तर किती हास्यास्पद चित्र उभं राहतं, हे दाखवायला त्यांनी ती रचली होती.

मात्र डीकोहिअरन्स सगळं सांगतं असं नाही. पट्टे का पुसले जातात हे ते सांगतं. शेवटी *हाच* संवेदक का वाजला, तो का नाही, हे सांगत नाही. इथे शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. काहींच्या मते निसर्गात अस्सल यदृच्छा आहे आणि विषय संपला. १९५२ साली डेव्हिड बोम यांनी कणांना निश्चित वाटा देणारी मांडणी केली. १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी सगळेच निकाल लागतात, वेगवेगळ्या शाखांत, असं सुचवलं. प्रयोगात काय दिसेल याबद्दल या मांडण्यांचं भाकीत सारखंच आहे, म्हणून भांडण मिटत नाही आणि कामही अडत नाही.

हायझेनबर्ग यांच्या १९२७ सालच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाबद्दल एकच सांगतो. ‘मोजताना धक्का लागतो म्हणून अचूक कळत नाही’ एवढाच त्याचा अर्थ नाही. जागा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकदम नेमके असतील अशी आयामांची रचनाच होत नाही, मोजा अगर मोजू नका. इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकात कोसळत नाही याचं कारण हेच: त्याला फार लहान जागेत कोंबलं की त्याची गती अनावर होते.

जोडी

एन्टँगलमेंट हा शब्द बातम्यांत सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत कमी समजावला जातो. दोन कण अशा तऱ्हेने तयार होतात की त्यांचा आयाम एकत्रच लिहावा लागतो; याचा वेगळा, त्याचा वेगळा असं करता येत नाही. मग ते कितीही दूर नेले तरी त्यांच्या मोजणीचे निकाल एकमेकांशी जुळलेले निघतात.

यावर हुशार वाचक लगेच म्हणतो: त्यात काय एवढं? हातमोज्यांची एक जोडी दोन खोक्यांत भरून दोन शहरांत पाठवली. मी माझं खोकं उघडलं, डावा निघाला, तत्क्षणी मला कळलं की तिकडे उजवा आहे. ना काही गूढ, ना प्रकाशाहून वेगवान संदेश. हातमोजा आधीपासूनच डावा होता.

ही शंका क्षुल्लक नाही. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ साली जवळपास हाच आग्रह धरला होता: कणांजवळ उत्तरं आधीपासून असली पाहिजेत, आपला सिद्धांतच अपुरा आहे. तीस वर्षं हा तत्त्वज्ञानाचा वाद समजला गेला. १९६४ साली जॉन बेल यांनी दाखवलं की तो प्रयोगाने सोडवता येतो. कसा, ते एका खेळातून पाहू.

दोन खेळाडू, दोन वेगळ्या खोल्या, आपसात बोलायची सोय नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते, लाल किंवा हिरवी, नाणं उडवून ठरवलेली. प्रत्येकाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. नियम असा: दोघांनाही लाल आली तर उत्तरं *वेगळी* हवीत, बाकी तिन्ही वेळा उत्तरं *सारखी* हवीत. आधी भेटून हवा तो बेत रचा.

बेत रचून पाहाच. हिरवी-हिरवीला सारखं, म्हणून दोघांचंही हिरवीचं उत्तर ‘हो’ ठरवलं. हिरवी-लालला सारखं, म्हणून दुसऱ्याचं लालचं उत्तरही ‘हो’. लाल-हिरवीला सारखं, म्हणून पहिल्याचं लालचंही ‘हो’. आता लाल-लाल आली की दोघंही ‘हो’ म्हणणार आणि हरणार. कुठलंही एक बिघडवून हे सावरलं तर दुसरीकडे हराल. चारपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के, ही कमाल मर्यादा आहे. आधी ठरवलेल्या उत्तरांना, म्हणजेच हातमोज्यांना, ती कधीच ओलांडता येणार नाही.

आता दोघांकडे एन्टँगल झालेल्या जोडीतला एकेक कण द्या. चिठ्ठीच्या रंगाप्रमाणे आपापला कण ठरावीक दिशेत मोजायचा आणि निकाल उत्तर म्हणून सांगायचा. क्वांटमचं गणित म्हणतं की जिंकण्याचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं.

जॉन क्लाउजर यांनी स्टुअर्ट फ्रीडमन यांच्यासह १९७२ साली आणि अॅलँ अॅस्पे यांनी १९८२ साली अशा कसोट्या घेतल्या. तरी पळवाटा उरल्या होत्या. खेळाडूंनी गुपचूप निरोप पोचवला असेल, न जुळलेल्या फेऱ्या मोजणीतून गळल्या असतील. २०१५ साली डेल्फ्टमध्ये दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन १.३ किलोमीटर अंतरावर ठेवले. एवढं अंतर कापायला प्रकाशाला चारएक मायक्रोसेकंद लागतात, आणि चिठ्ठी निघण्यापासून उत्तरापर्यंतचं सगळं त्याआधी उरकत होतं. २४५ फेऱ्या झाल्या, जिंकण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्के. हातमोजे हरले. अॅस्पे, क्लाउजर आणि अँटन झाइलिंगर यांना २०२२ सालचं नोबेल मिळालं ते या वाटेवरच्या कामासाठी.

‘मग यातून क्षणात निरोप पाठवता येईल’

येत नाही. एका खोलीतला खेळाडू एकटाच आपली उत्तरं पाहत बसला तर त्याला निम्मे ‘हो’, निम्मे ‘नाही’ दिसतात, पलीकडे काहीही केलेलं असो. जुळणी दिसते ती दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर, आणि दुसरी यादी नेहमीच्याच वेगाने, फोनने किंवा इंटरनेटवरून, यावी लागते. ‘क्वांटम टेलिपोर्टेशन’मध्येही हेच: कणाची स्थिती दुसऱ्या जागी उभी करता येते, पण साध्या मार्गाने दोन आकडे पाठवल्याशिवाय ती पुरी होत नाही. माणसं पाठवायचा तर प्रश्नच नाही.

हे सगळं वापरतं कोण?

तुम्ही हा लेख ज्यावर वाचताय ते यंत्र. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांवरून इलेक्ट्रॉनचे आयाम परतत राहतात आणि काही विशिष्ट ऊर्जांना एकमेकांना पूर्ण खोडतात. त्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन स्फटिकात राहूच शकत नाही. ऊर्जेतल्या या रिकाम्या पट्ट्यामुळे सिलिकॉन अर्धवाहक ठरतो, आणि १९४७ साली जन्मलेला ट्रान्झिस्टर आणि आजची प्रत्येक चिप त्यावरच चालते. लेझरमध्ये उलट घडतं, आयाम एकमेकांना वाढवतात: एखाद्या छटेचे फोटॉन जितके जास्त, तितकी अणूने तसाच आणखी एक सोडण्याची शक्यता जास्त. आइन्स्टाइन यांनी हे १९१७ सालीच ओळखलं. पहिला लेझर चमकायला १९६० उजाडलं.

‘सेकंद’ ही गोष्टही क्वांटमच आहे. १९६७ पासून एक सेकंद म्हणजे सीझिअम अणूच्या दोन विशिष्ट ऊर्जापातळ्यांशी जुळणाऱ्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं. उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेत अशीच अणुघड्याळं असतात. तिथे एका सेकंदाच्या अब्जांशाची चूक म्हणजे अंतरात सुमारे ३० सेंटिमीटरची चूक.

आणि सुरुवातीची ती आरपार जाण्याची गोष्ट, टनेलिंग. अडथळ्याच्या आत आयाम एकदम शून्य होत नाही, झपाट्याने घटत जातो. अडथळा पुरेसा पातळ असेल तर पलीकडे थोडा उरतो, आणि त्याच्या वर्गाएवढ्या वेळा कण पलीकडे सापडतो. सूर्याचं केंद्र दीड कोटी अंशांचं आहे, तरी प्रोटॉनांनी एकमेकांचं विद्युत प्रतिकर्षण ओलांडायला ते पुरत नाही. टनेलिंग होतं म्हणून सूर्य पेटलेला आहे. पेनड्राइव्हमध्ये माहिती लिहिताना इलेक्ट्रॉन विद्युतरोधकाच्या काही नॅनोमीटर थरातून असेच पलीकडे ढकलले जातात. १९८१ साली बिनिंग आणि रोरर यांनी टनेलिंगवर चालणारा सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात सुईचं टोक पृष्ठभागापासून नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढं दूर सरकलं तरी धारा साधारण दहापट कमी होते. एकेक अणू दिसतो तो या कमालीच्या संवेदनशीलतेमुळे. ‘भिंतीतून माणूसही जाईल का?’ याचं उत्तर: आयाम काटेकोर शून्य नाही, पण इतका लहान आहे की विश्वाच्या वयात अशी घटना दिसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

क्वांटम संगणक ‘सगळी उत्तरं एकदम तपासतो’ का?

नाही, आणि हा गैरसमज वर्तमानपत्रांनी मनापासून जोपासला आहे. क्युबिट म्हणजे ० आणि १ यांच्या सुपरपोझिशनमध्ये राहू शकणारा घटक. ५३ क्युबिटांची स्थिती लिहायला २ चा ५३ वा घात, म्हणजे जवळपास ९ वर १५ शून्यं इतके आयाम लागतात. ३०० क्युबिटांना दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येहून अधिक. पण शेवटी मोजलं की एकच निकाल हाती येतो. सगळी उत्तरं ‘आत’ असून उपयोग काय, बाहेर यदृच्छेने एकच येणार असेल तर?

म्हणून खरी करामत दोन वाटांच्या प्रयोगातलीच आहे: चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटांचे आयाम एकमेकांना खोडतील आणि बरोबर उत्तराचे वाढतील अशी आखणी करायची. अशी आखणी मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. म्हणूनच हा संगणक आपल्या लॅपटॉपची जागा घेणार नाही.

सर्वांत गाजलेली आखणी पीटर शोर यांची, १९९४ सालची, मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची. १५ घेऊन पाहू. २ चे घात घ्या आणि दर वेळी १५ ने भागून बाकी लिहा: १, २, ४, ८, १, २, ४, ८… दर ४ पावलांनी तेच येतं. आता ४ चं निम्मं २, आणि २ चा वर्ग ४. त्यातून १ वजा करा, ३. त्यात १ मिळवा, ५. झाले १५ चे अवयव. शेकडो आकडी संख्येसाठी ही ‘किती पावलांनी पुनरावृत्ती’ शोधणं साध्या संगणकाला झेपत नाही. क्वांटम संगणकात चुकीच्या पुनरावृत्तींचे आयाम खोडले जातात, बरोबरची शिल्लक राहते.

याउलट लव ग्रोव्हर यांची १९९६ सालची शोधपद्धत पाहा. दहा लाख नोंदींत एक शोधायची तर साध्या पद्धतीने लाखोंनी तपासण्या लागतात, इथे हजाराच्या आत भागतं. फायदा आहे, पण जादू नाही.

अडचण तीच, खुणा सांडण्याची. क्युबिटवर बाहेरचा जरासा प्रभाव पडला की आयामांचा मेळ बिघडतो. म्हणून नोबेलच्या त्या मंडलाचे वंशज असलेले अतिवाहक क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास थंड ठेवावे लागतात, तरी चुका होतातच. उपाय म्हणजे अनेक कच्च्या क्युबिटांत मिळून एक पक्का क्युबिट साठवायचा. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ चिपवर दाखवलं की कच्च्या क्युबिटांची ही जाळी ३×३ वरून ५×५, मग ७×७ अशी वाढवली की दर पायरीला चुका निम्म्याच्या आसपास येतात. माझ्या मते अलीकडच्या सगळ्या घोषणांत ही सर्वांत वजनदार आहे. किती वर्षांचं काम किती सेकंदांत केलं, असल्या मथळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. ती कामं बहुतेकदा संगणकाला जमावीत म्हणूनच निवडलेली असतात.

आपल्या पासवर्डांचं काय?

इंटरनेटवरचं बरंचसं कुलूपबंद, म्हणजे इतरांना वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक रूपात बदललेलं, बोलणं मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं अवघड असतं यावर, किंवा तशाच दुसऱ्या एका अवघड गणितावर टिकून आहे. शोर यांची पद्धत दोन्ही फोडते, संगणक पुरेसा मोठा असेल तर. किती मोठा? २०१९ साली क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांचा अंदाज होता: २०४८ बिटांची नेहमीची किल्ली फोडायला दोन कोटी कच्चे क्युबिट आणि ८ तास. २०२५ साली गिडनी यांनीच नवा अंदाज दिला: दहा लाखांहून कमी क्युबिट, आठवड्याच्या आत. यंत्रं वाढतायत आणि गरजही घटतेय. आज हाताशी असलेल्या यंत्रांपासून हा आकडा अजून खूप दूर आहे, पण कोणी आजच तुमचा कुलूपबंद मजकूर साठवून ठेवला तर तो पुढे कधीतरी उघडू शकतो. वीस वर्षं गुप्त राहावी अशी वैद्यकीय किंवा सरकारी माहिती म्हणून आताच धोक्यात आहे. उद्या निरुपयोगी होणारा ओटीपी नाही.

यावरचा उपाय क्वांटम यंत्र नाही, नवं गणित आहे. क्वांटम संगणकालाही सोपी वाट सापडलेली नाही अशा प्रश्नांवर बांधलेली कुलपं. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली तीन मानकं जाहीर केली आणि ब्राउझर, फोन, संदेशांची अॅप यांत अशी कुलपं बसायला लागली आहेत. वापरणाऱ्याला अद्ययावत आवृत्ती घेण्यापलीकडे सहसा काही करावं लागत नाही.

दुसरीकडे बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ साली सुचवलेली ‘क्वांटम किल्ली’ आहे. अज्ञात क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, म्हणून एकेक फोटॉनवरून पाठवलेली किल्ली मध्येच कोणी वाचून पुढे धाडली तर जुळायला हव्या अशा आकड्यांत जवळपास चौथा हिस्सा चुकीचा निघतो आणि चोरी उघडी पडते. २०१७ साली ‘मिशिअस’ उपग्रहावरून असे फोटॉन हजार किलोमीटरहून दूर पाठवून झाले आहेत. पण पलीकडे बसलेला माणूस खरोखर तोच आहे की त्याच्या नावाने दुसरा कोणी, हे ही किल्ली एकटी सांगत नाही. त्या ओळखपरेडीला नेहमीचंच गणिती कुलूप किंवा आधीच वाटून ठेवलेलं गुपित लागतं.